उष्टा घास

"माझं काम ताटात सुरू होतं आणि संडासात संपतं," असं डॉ. शर्वरी दाभाडे वसतिगृहात आलेल्या नव्या मुलींना पहिल्याच भेटीत सांगून टाकायची. मुली एकमेकींकडे बघून हसायच्या, आणि एकदा हसल्या की पुढं नमुने देताना लाजायच्या नाहीत. वीस वर्षांच्या नोकरीत शिकलेली ही युक्ती होती. आधी पुण्यात पैलवानांची वजनं उतरवण्याचं काम झालं, मग काही वर्षं एका क्रिकेट संघाबरोबर भटकणं झालं, आणि शेवटी ती नाशिकबाहेरच्या या क्रीडाविज्ञान केंद्रात येऊन स्थिरावली. इथं लांब पल्ल्याचे धावपटू घडत. त्यांनी काय खावं, कधी खावं, खाल्लेल्याचं पुढं काय होतं, हे बघणं तिच्याकडं होतं. ती एकटीच राहायची. एकट्या माणसाचं असतं तसंच तिचं जेवण होतं: एक भाजी, दोन पोळ्या, आणि सवयीनं त्याही वजन करून.

केंद्राच्या वसतिगृहात प्रत्येक संडासात भांड्याच्या कडेला एक चपटं यंत्र बसवलेलं होतं. खेळाडूच्या मनगटावरची पट्टी वाचून ते तिला ओळखायचं आणि तिच्या आतड्यात कोणकोणते जीवाणू किती संख्येनं आहेत, ते तासाभरात सांगायचं. दहा वर्षांपूर्वी ज्या तपासणीला प्रयोगशाळेत आठवडा जायचा, ती आता अशी चुटकीसरशी व्हायची. मुलींनी यंत्राचं नाव ठेवलं होतं चोंबडी. कुणी चोरून वडापाव खाल्ला तरी चोंबडी दुसऱ्या दिवशी चहाडी करायची.

रोशनी भुसारे या वसतिगृहातली सगळ्यात थोराड मुलगी. मुलगी म्हणायची एवढंच. वय सव्वीस, लग्न झालेलं, पदरात दोन वर्षांची लेक. नवरा सिल्वासाच्या कारखान्यात, लेक पियू आजीजवळ पेठ तालुक्यातल्या करंजपाड्याला. रोशनी दहा हजार मीटर पळायची. तिचा वेग फार नव्हता, पण तिच्याबद्दल प्रशिक्षक बागूल सर एक गोष्ट नेहमी सांगत: "ही दमते सगळ्यांसारखीच. पण हिचं दमणं लवकर उतरतं."

बागूल सरांना जे डोळ्यांनी दिसत होतं, ते शर्वरीला आकड्यांत दिसलं. जोरात पळताना स्नायूंमध्ये लॅक्टेट तयार होतं आणि रक्तात उतरतं. बाकीच्या मुलींचं लॅक्टेट शर्यतीच्या मध्यानंतर चढत जायचं. रोशनीचं चढायचं आणि मग जणू कुणीतरी नळ सोडल्यासारखं ओसरू लागायचं. शर्वरीनं चोंबडीचे जुने निकाल काढून पाहिले, तेव्हा तो नळ सापडला. रक्तातलं थोडं लॅक्टेट आतड्यात झिरपतं. रोशनीच्या आतड्यात एका जीवाणूची मोठी वसाहत होती, आणि त्याचं खाद्यच मुळी लॅक्टेट होतं. ते खाऊन तो प्रोपिओनेट नावाचं एक आम्ल बाहेर टाकायचा. हे आम्ल परत रक्तात शोषलं जायचं आणि शरीर ते इंधन म्हणून जाळायचं. चुलीतली राख कुणीतरी पुन्हा लाकूड करून चुलीत घालावी, तसा हा प्रकार होता. या जातीचे जीवाणू पुष्कळांच्या पोटात थोडेफार असतात. पण इतका खादाड प्रकार कुठंच नोंदलेला नव्हता.

शर्वरी करंजपाड्याला गेली. रोशनीची आई जनीबाई हिच्या पोटात तोच जीवाणू होता. पियूच्या पोटात होता. पाड्यावरच्या निम्म्याअधिक घरांत होता. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कोंड्यावर तो पोसला जात होता आणि आईकडून लेकराकडं, ताटातून ताटात पिढ्यानपिढ्या चालत आला होता. शर्वरीनं पाड्याची बैठक बोलावून सगळं समजावून सांगितलं, परवानगी घेतली, आणि या प्रकाराला करंज हे नाव दिलं.

नमुन्यांसाठी मग ती दर महिन्याला तिकडं जाऊ लागली. जनीबाई तिला जेवल्याशिवाय सोडत नसे. नागलीची भाकर, उडदाचं पिठलं, खुरसणीची चटणी. पियू मांडीवर येऊन बसायची, भाकरीचा तुकडा आधी स्वतः चावून बघायची आणि मग उरलेला शर्वरीच्या तोंडात कोंबायची. पहिल्यांदा शर्वरी दचकली. नंतर ती तोंड उघडूनच बसू लागली.

दीड वर्षात करंजचं नाव जगभर झालं. एका परदेशी कंपनीनं तो वाढवून गोळीत भरला. आठवडाभर गोळ्या घेतल्या की धावपटूच्या पोटात करंज नांदू लागे. शर्वरीला परिषदांची बोलावणी आली, केंद्राला नवी इमारत मिळाली, आणि जागतिक विक्रम एकामागून एक मोडू लागले. ज्यांना गोळी मिळत नव्हती अशा देशांनी आरडाओरडा केला. शेवटी आंतरराष्ट्रीय मंडळानं निर्णय घेतला. गोळीतला करंज आणि जन्माचा करंज यांच्यात काडीचाही फरक नसल्यामुळं निर्णय सरसकट होता: ज्याच्या पोटात करंज ठरावीक मर्यादेहून जास्त, तो अपात्र. कसा आला, कुठून आला, याची चौकशी नाही.

मर्यादेच्या सगळ्यात वर जगात एकच नाव होतं, आणि ते रोशनीचं होतं.

केंद्राचे संचालक डॉ. तन्वीर काझी यांनी ही बातमी रोशनीला सांगायचं काम शर्वरीवर सोपवलं. ते म्हणाले, "तुमच्याकडून ऐकलेलं तिला बरं वाटेल." बरं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रोशनी सरावानंतर मैदानाच्या कठड्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"गोळी घेतलेल्यांनी गोळी बंद केली की झालं," ती म्हणाली. "मी काय बंद करू?"

"काढता येईल," शर्वरी म्हणाली. "जीवाणूंना खाणारे विषाणू असतात. एका विषाणूला एकच जातीचा जीवाणू चालतो, दुसऱ्याला तो हात लावत नाही. करंज खाणारा विषाणू आम्ही वेगळा करू शकतो. तू तो प्यायलीस की बाकी पोट जागच्या जागी राहील, फक्त करंज जाईल."

"आणि मग मी पळेन कशी?"

"थोडी हळू. किती हळू ते आत्ता सांगता येणार नाही."

रोशनीनं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही शोधलं नसतंत तर कुणाला कळलंच नसतं ना?"

"नसतं कळलं," शर्वरी म्हणाली.

"मी तुम्हाला बोल लावत नाही. विचारलं फक्त." रोशनी उठली. "काढा. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धा आहे. मला दुसरी संधी मिळायची नाही."

विषाणू शर्वरीनंच तयार केला. करंजच्या भिंतीला कुठं खिंडार आहे, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. जो जीवाणू तिनं जगाला दाखवला होता, त्याला मारायचं औषध ती स्वतःच्या हातांनी बाटलीत भरत होती, आणि ते काम चांगलं साधलं याचा तिला आनंदही होत होता. त्या आनंदाचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. रोशनी ते कडसर पाणी आठवडाभर प्याली. चोंबडीच्या पडद्यावर करंजची रेघ खाली आली आणि तळाशी जाऊन आडवी झाली.

पण नुसतं काढून भागणार नव्हतं. तो परत येऊ नये म्हणून रोशनीची खोली वेगळी, भांडी वेगळी, स्वयंपाक वेगळा झाला. करंजपाड्याला जायचं नाही. गेलंच तर पाणीसुद्धा प्यायचं नाही. महिन्याभरातच तिच्या शेवटच्या फेऱ्या जड झाल्या. बागूल सरांनी सरावाची घडी बदलली, शर्वरीनं आहार बदलला, आणि पात्रतेच्या शर्यतीत रोशनी वेळेच्या आत आली. फरक डोळ्याची पापणी लवावी एवढाच, पण आत आली.

त्यानंतरच्या रविवारी जनीबाई पियूला घेऊन भेटायला आली. केंद्राच्या आवारात मोठ्या चिंचेखाली बाकं होती, तिथं त्या आणि शर्वरी बसल्या. पियूला आईनं मांडीवर घेतलं, केस विंचरले, गळ्यातली माळ नीट केली. पियूच्या हातात घरून आणलेली गूळ-भाकर होती. तिनं एक घास तोडला, अर्धा खाल्ला, आणि नेहमीच्या सवयीनं उरलेला आईच्या तोंडापाशी नेला.

रोशनीनं मान फिरवली.

पियूला वाटलं खेळ आहे. तिनं दुसऱ्या बाजूनं घास नेला. रोशनीनं ओठ मिटून घेतले आणि मान परत फिरवली. "तू खा, बाळा," ती ओठ जेमतेम उघडत म्हणाली. तिसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा पियूनं घासाकडं नीट निरखून पाहिलं, त्याला काही लागलंय का ते बघितलं, आणि मग तो खाली मातीत टाकून दिला. ती रडली नाही. आजीच्या मांडीवर जाऊन बसली.

जनीबाई म्हणाली, "ल्हान आहे. इसरून जाईल." पण ती हे लेकीकडं न बघता म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून रोशनीचं जेवण कमी झालं. ताटात वाढलेलं तसंच परत येऊ लागलं. धावपटूच्या ताटातलं अन्न परत येणं म्हणजे काय, हे शर्वरीइतकं कोण जाणणार? हाडं ठिसूळ होतात, पाळी थांबते, आणि एक दिवस पाय नुसता वळला तरी मोडतो. तिनं तऱ्हा बदलून पाहिल्या, चव बदलून पाहिली. मग एके दुपारी ती स्वतःचा डबा घेऊन रोशनीच्या खोलीत गेली आणि समोर बसली.

"एकटीनं जेवण जात नाही माणसाला," ती म्हणाली. "मला माहीत आहे, मी रोज तेच करते."

रोशनी हसली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली. मग रोजचं झालं. दुपार झाली की शर्वरी डबा घेऊन जायची. कधी तिच्या डब्यातली भाजी रोशनी घ्यायची, कधी रोशनीच्या ताटातली भाकर ती मोडून घ्यायची. गप्पा व्हायच्या. पियूचं बोबडं बोलणं, नवऱ्याच्या कारखान्यातल्या पाळ्या, शर्वरीच्या लहानपणीचा सातारा. रोशनीचं वजन सावरलं. शर्वरीनंही पोळ्यांचं वजन करणं केव्हा सोडलं, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

आणि मग चोंबडीच्या पडद्यावर रोशनीच्या नावापुढची आडवी रेघ हलली. पहिल्या दिवशी जेमतेम, पण नंतर रोज थोडी थोडी वर.

डॉ. काझींनी दोघींना बोलावलं. बागूल सर आधीच येऊन खाली मान घालून बसले होते.

"घरी गेली होतीस का?" काझींनी विचारलं.

"नाही सर."

"घरून काही आलं होतं? डबा, पापड, काही?"

"काही नाही."

काझी शर्वरीकडं वळले. शर्वरीला चिंचेखालचा तो रविवार आठवला. जनीबाई पियूला घेऊन त्यानंतरही एकदा येऊन गेली होती, आणि तेव्हा तिथं दुसरं कुणीच नव्हतं. आईच ती, एकदा तोंड उघडलं असेल तर त्यात नवल काय?

"रोशनी," ती हलक्या आवाजात म्हणाली, "पियूनं दिलेला एखादा घास घेतला असशील तर सांग. कुणी रागावणार नाही."

रोशनीनं तिच्याकडं पाहिलं. काझींना उत्तर देतानाची ती नजर नव्हती. "लेकराच्या समोर तीनदा मान फिरवली मी," ती म्हणाली. "तुम्ही बघत होता." आणि ती उठून गेली.

त्या दुपारी शर्वरी डबा घेऊन गेली तेव्हा खोलीचं दार आतून लावलेलं होतं.

पुढच्याच आठवड्यात शर्वरीच्या कचेरीशेजारचं शौचालय दुरुस्तीला काढलं, म्हणून ती वसतिगृहातल्या शौचालयात गेली. तासाभरानं केंद्रात एकच धावपळ उडाली. चोंबडीनं लाल इशारा दिला होता: अनोळखी व्यक्ती, मनगटावर पट्टी नाही, करंज मर्यादेच्या चौपट. कुणातरी मुलीनं पट्टी काढून ठेवून गोळी घेतल्याचा संशय आला. बागूल सरांनी सगळ्या मुलींना मैदानावर उभं केलं. दोघीतिघी रडू लागल्या. शर्वरीनं यंत्रात वेळ पाहिली, खोलीचा क्रमांक पाहिला, आणि खुर्चीत बसली.

मुलींना सोडून द्या, असं तिनं बागूल सरांना सांगितलं. मग स्वतःचा नमुना मुद्दाम दुसऱ्या यंत्रात तपासला. निकाल तोच होता. तिनं आयुष्यात एकही गोळी घेतली नव्हती. पण वर्ष-दीड वर्ष ती करंजपाड्याला जेवत होती, आणि एका लहान मुलीचा उष्टा घास तोंड उघडून घेत होती. नागली, कोंडा, घास. करंजला दुसरं काय लागतं? तिचं पोट त्यानं कधीच आपलं मानलं होतं. आणि हेच पोट घेऊन, हेच हात घेऊन ती रोज रोशनीच्या ताटातली भाकर मोडत होती. जिला जनीबाईपासून, पियूपासून तोडून ठेवलं होतं, तिच्यापर्यंत करंजपाडा शर्वरीच पोचवत होती.

ती रोशनीच्या दारात गेली. आत मात्र गेली नाही.

"मी दिलं तुला ते," ती म्हणाली. "माझ्यातून आलंय. पियूनं मला दिलं, मी तुला दिलं. आणि वर तुलाच विचारलं, पियूचा घास घेतलास का."

रोशनी खिडकीपाशी बूट पुसत होती. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"म्हणजे पियूचंच आलं," ती म्हणाली. आणि मग अचानक ती हसू लागली. "बघा मॅडम, मी मान फिरवली तरी पोरगीनं घास दिलाच." हसता हसता तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत. "आत या ना."

"नको. आता मी आत यायचं नाही."

ते शब्द तोंडून बाहेर पडले तेव्हा शर्वरीला कळलं, की या नियमानं नक्की काय केलंय ते. इतके दिवस तिला तो नियम कडक वाटत होता. आता तो चुकीचा वाटला.

मंडळाची सुनावणी दिल्लीत होती. रोशनीची वाढलेली पातळी हा गुन्हा धरायचा की नाही, एवढाच विषय होता. तिघांचं पीठ होतं. अध्यक्षस्थानी फिनलंडच्या एक बाई, एके काळच्या भालाफेकपटू, शांत आणि नेमकं बोलणाऱ्या. काझींनी केंद्राची बाजू मांडली. मग शर्वरी उभी राहिली आणि तिनं रोशनीच्या निकालाशेजारी दुसरा एक निकाल ठेवला.

"ही व्यक्ती सेहेचाळीस वर्षांची आहे," ती म्हणाली. "उजवा गुडघा गेलेला आहे. जिना चढताना मध्ये थांबते. तुमच्या नियमानं ही उत्तेजक घेतलेली खेळाडू ठरते. ही मी आहे."

पीठातले एक गृहस्थ खुदकन हसले. अध्यक्षा हसल्या नाहीत. "तुम्ही गोळी घेतली होती?"

"नाही. एका घरी जेवत होते. आणि माझ्याबरोबर जेवली म्हणून ही मुलगी इथं उभी आहे. तुमचा नियम गोळी घेणाऱ्याला पकडत नाही. कोण कुणाबरोबर जेवलं, ते पकडतो."

अध्यक्षांनी दोन्ही निकाल समोर ओढले. "समजा, आम्ही नियम सैल केला. उद्या एखाद्या देशानं आपला अख्खा संघ तुमच्या त्या गावात जेवायला पाठवला, तर?"

हा प्रश्न येणार हे शर्वरीला माहीत होतं, आणि येताना विमानात तिला त्याचं पूर्ण उत्तर सापडलं नव्हतं. "तर त्यांना तिथं राहावं लागेल," ती म्हणाली. "नागली खावी लागेल, नाहीतर तो टिकत नाही. गावानं राहू दिलं पाहिजे, हेही आलं. खेळाडू डोंगरावर जाऊन राहतात, रक्त दाट करून घेतात. त्याला आपण सराव म्हणतो. डोंगरानं दिलेलं चालतं, मग माणसांनी दिलेलं का चालू नये? गोळी बंद ठेवा. तिच्यात एखादी खूण घालायला कंपनीला सांगा, म्हणजे ती ओळखू येईल. पण पंगतीवर बंदी घालू नका."

निर्णय संध्याकाळी आला. रोशनीवर ठपका नव्हता. नियमाचा फेरविचार करायला तज्ज्ञांची समिती नेमली होती. पण समितीचा अहवाल येईपर्यंत नियम तसाच राहणार होता, आणि जागतिक स्पर्धा तीन महिन्यांवर होती.

परतीच्या वाटेवर विमानतळावर तिघं चहा घेऊन बसले. काझी म्हणाले, "रोशनी, घरी गेलीस तरी कुणी नाव ठेवणार नाही. समितीचा निर्णय आपल्या बाजूनं लागेल असं मला वाटतं. वर्ष-दोन वर्षांनी पळ."

शर्वरीलाही तेच म्हणायचं होतं. ती बोलणार तेवढ्यात रोशनी म्हणाली, "तुम्हाला दोघांना वाटतंय मी आई आहे म्हणून घरी जाईन."

काझींनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी आई आहेच. पण पहाटे उठून आठ वर्षं पळतेय, ते काय नुसता वेळ जावा म्हणून? दोन वर्षांनी माझे पाय असेच असतील, हे कोण लिहून देणार? मॅडम, ते कडू पाणी परत द्या. तीन महिने मी कुणाबरोबर जेवणार नाही. तुमच्याबरोबरही नाही."

"जाईल जेवण?" शर्वरीनं विचारलं.

"न जाऊन सांगते कुणाला? पळायचंय."

आणि तिनं ते केलं. शर्वरी तिचं जेवण काचेपलीकडून बघायची. तीही काचेच्या अलीकडं त्याच वेळी डबा उघडायची, पण दोघींमध्ये काच असायची. ताट रिकामं व्हायचं. मान खाली घालून, औषध घ्यावं तसं रोशनी शेवटच्या घासापर्यंत जेवायची.

जागतिक स्पर्धेत ती नववी आली. पोटातल्या त्या मदतनिसाशिवाय, शेवटच्या दोन फेऱ्या दातओठ खात, दोघींना मागं टाकून. भारताच्या कुठल्याही बाईनं तोवर तिथं एवढा वरचा क्रमांक मिळवलेला नव्हता. करंज असता तर कदाचित ती तिसरी आली असती, असं बागूल सर म्हणाले. शर्वरीनं मनातल्या मनात हिशोब केला होता आणि तिचं उत्तरही जवळपास तेच होतं. रोशनीला तिसऱ्या क्रमांकाचं कुणी सांगितलं तर ती म्हणायची, "ही नववी जागा माझी एकटीची आहे. तिसरी आम्हा सगळ्यांची झाली असती."

ती थेट करंजपाड्याला गेली. शर्वरी चार दिवसांनी नमुन्यांसाठी तिकडं पोचली, तेव्हा जनीबाईच्या ओसरीवर पानं मांडली होती. पियू आता चार वर्षांची झाली होती, आणि स्वतःची छोटी थाळी घेऊन वेगळी बसली होती. शर्वरी खाली बसताच ती उठून आली, भाकरीचा तुकडा चावला आणि उरलेला तिच्या तोंडात घातला. मग परत जागेवर जाऊन बसली. आई शेजारीच होती. तिच्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

शर्वरीनं रोशनीकडं पाहिलं.

"चार दिवस हेच चाललंय," रोशनी म्हणाली. तिचा आवाज साधाच होता. "आजीला देते, शेजारच्या काकूला देते, शेळीला देते. मला नाही. मी तोंड उघडून बसते, तर म्हणते, आई खात नाही."

"सांगून बघितलंस?"

"सांगितलं. आता खाते म्हणून सांगितलं. तिला पटत नाही. तिनं बघितलंय ना."

जनीबाई चुलीपाशी भाकर थापत होती. तिथूनच म्हणाली, "मागून मिळतं का असलं काही? ल्हानपणी तू माझ्या ताटातलं मागत होतीस काय गं? ओढून घेत होतीस."

रोशनीनं आईकडं पाहिलं. मग ती सरकली आणि पियूच्या थाळीतला गुळाचा खडा लावलेला भाकरीचा मोठा तुकडा, पियूनं एका बाजूनं खाऊन ओला केलेला, उचलून सरळ तोंडात टाकला.

पियू बघतच राहिली. आईचं तोंड हलत होतं. गूळ तिचा होता. तिचा खालचा ओठ पुढं आला, आणि मग तिनं भोकाड पसरलं. "माझा होता! माझा गूळ!" तिनं आईच्या तोंडात बोटं घातली, गाल ओढले, तुकडा बाहेर काढायचा प्रयत्न केला. रोशनी हसत होती, चावत होती, मान हलवत होती. पियूनं तिच्या दंडावर दोन चापट्या मारल्या. मग थाळी छातीशी कवटाळून ती पाठ फिरवून बसली आणि खांद्यावरून मागं वळून वळून बघू लागली, आई परत येते की काय ते.

रोशनी परत थाळीकडं गेली.